नव्या लॅपटॉपचा पंखा वाजतोय: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

ठाण्यातल्या नौपाड्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं काउंटर आहे. जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की एकदा आणि दिवाळीची खरेदी झाली की दुसऱ्यांदा, अशी वर्षातून दोन वेळा एकच तक्रार रांगेने येते: "ताई, लॅपटॉप कोरा करकरीत आहे, पण पंखा थांबतच नाही." कुणी घोडबंदर रोडवरून रिक्षाने येतं, कुणी ऐरोलीहून ट्रेनने. बहुतेकांचा लॅपटॉप एकही स्क्रू न काढता घरी परत जातो. थोड्यांचा पंखा मात्र खरंच सदोष निघतो, आणि त्यातल्या काहींना माझ्याकडे यायला उशीर झालेला असतो. "नवीन आहे, चालवा, आवाज आपोआप बसेल," असं विकणाऱ्याने सांगितलेलं असतं आणि तेवढ्यात बदलून घेण्याची मुदत निघून गेलेली असते. उलट काहींनी धीर न धरता मागचं झाकण स्वतःच उघडलेलं असतं, क्लिपा तुटलेल्या असतात आणि वॉरंटीचा वाद सुरू झालेला असतो.

दोन्ही नुकसानं टाळता येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. विंडोज ११ असलेला लॅपटॉप धरून चालले आहे.

लक्षणं: आवाज नेमका कसला आहे?

छताचा पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या आणि कान कीबोर्डाच्या वरच्या कडेजवळ न्या. मग मागच्या नाहीतर बाजूच्या जाळीजवळ न्या. "आवाज येतो" एवढ्यावर पुढचं काहीच ठरत नाही.

वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज, चढतो आणि उतरतो: ही हवा आहे. पंखा त्याचं काम करतोय. आवाज जास्त वाटत असेल तर लॅपटॉपला उष्णता का होतेय ते शोधायचं.

काहीच काम चालू नसताना अर्धा मिनिट पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो: पंखा कोणत्या तापमानाला सुरू आणि कोणत्या तापमानाला बंद, हे लॅपटॉपमध्ये आधीच ठरवून दिलेलं असतं. तापमान त्या रेषेच्या आजूबाजूला खेळत राहिलं की पंखाही तसाच खेळतो. ऐकायला त्रासदायक, पण बिघाड नव्हे.

टिकटिक, खडखड, घर्रर्र, किंवा काहीतरी घासल्यासारखा आवाज: हे यांत्रिक आहे. पात्याला काहीतरी लागतंय किंवा बेअरिंग (पंख्याची दांडी ज्यात फिरते तो भाग) सदोष आहे. कुठल्याही सेटिंगने हे जात नाही.

अगदी बारीक, डासाच्या गुणगुणीसारखा चीं आवाज: हा बहुतेक वेळा पंख्याचा नसतोच. बोर्डावरच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या छोट्या वेटोळ्यांमधून, वीज झपाझप कमी-जास्त होत जाते तेव्हा त्या सूक्ष्म थरथरतात, त्याचा तो आवाज. ओळखायची युक्ती सोपी आहे. एखादं लांब वेबपेज वर-खाली सरकवा. सरकवताक्षणी आवाज बदलला आणि बोट उचलताक्षणी थांबला, तर तो कॉइलचा. पंख्याला वेग बदलायला सेकंद-दोन सेकंद लागतातच.

झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप फिरत राहतो, बाहेर काढला तर तापलेला: हा झोपेच्या सेटिंगचा प्रश्न. खाली सांगते.

आणि शेवटचं, ज्याची तक्रार कुणी करत नाही: लॅपटॉप चांगलाच तापलाय, तरी पंख्याचा आवाज अजिबात नाही. काही पातळ मॉडेल्समध्ये पंखा नसतोच, तो भाग वेगळा. पण पंखा असलेला लॅपटॉप गरम होऊन आपोआप बंद पडत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा.

लॅपटॉप सुरू करताना पंखा क्षणभर जोरात फिरून शांत होतो. ती त्याची स्वतःची चाचणी असते, त्याची काळजी नको.

काहीही करण्याआधी: बिल आणि मोबाइल

बिल काढा आणि बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बघा. ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरच्या पानावर तारीख लिहिलेली असते. ही मुदत फार थोड्या दिवसांची असते आणि वॉरंटी बहुधा वर्षाची. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मुदतीत नवा लॅपटॉप मिळतो, नंतर दुरुस्ती मिळते.

मग मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग करा. मोबाइल जाळीपासून वीतभर अंतरावर ठेवा, मिनिटभर रेकॉर्ड करा, आणि त्यातच स्क्रीनवर काय चालू आहे तेही दिसू द्या. यांत्रिक आवाज हट्टी असतो, नेमका इंजिनिअर समोर आला की गप्प बसतो. माझ्या काउंटरवरही हे कितीदा झालंय. रेकॉर्डिंग असलं की "आम्हाला तर ऐकू आलं नाही" हे वाक्य टिकत नाही.

१. लॅपटॉप ठेवलाय कुठे?

फुकट आणि दोन मिनिटांचं काम, म्हणून पहिलं. बहुतेक लॅपटॉप हवा तळातून ओढतात आणि मागून नाहीतर बाजूने सोडतात. तळाचे रबरी पाय त्यासाठीच दोन-चार मिलिमीटरची फट ठेवतात. गादीवर, सोफ्यावर, मांडीवरच्या उशीवर लॅपटॉप ठेवला की ती फट बंद.

कोलबाडहून एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. माझ्या काउंटरच्या काचेवर तो इतका शांत की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. मी विचारलं, "काकू, घरी कुठे बसून वापरता?" म्हणाल्या, "दिवाणावर. खाली गोधडी घालते, काचेसारखं गुळगुळीत यंत्र आहे, ओरखडे नकोत म्हणून." नऊवारीची मऊ गोधडी तळाच्या जाळीला चिकटून बसत होती. त्यांना मी घरात पडून असलेले दोन जाड शब्दकोश डाव्या-उजव्या कडेखाली ठेवायला सांगितलं, मधली जाळी मोकळी राहील असे. संध्याकाळी फोन आला की आवाज गेला.

तुम्हीही तेच करून बघा. मागची कड इंच-दीड इंच उचला आणि दहा मिनिटं थांबा. आवाज उतरला तर दुखणं कळलं. मग साधा स्टँड घ्या. खाली पंखे असलेलं कूलिंग पॅड घ्यायला मी सहसा सांगत नाही. त्याचाच आवाज वाढतो, आणि त्याच्या पंख्यांची जागा तुमच्या लॅपटॉपच्या जाळीशी जुळेलच असं नाही.

तळ उलटा करूनही बघा. नव्या लॅपटॉपवरची पातळ प्लॅस्टिक फिल्म काही जण जपून तशीच ठेवतात. ती जाळीवर आली असेल तर आजच काढा. काही जण पारदर्शक स्किनही लावून घेतात आणि लावणारा जाळीची भोकं कापायला विसरतो.

खोलीचं तापमानही मोजा. लॅपटॉप बाहेरचीच हवा आत घेऊन गार होतो. मे महिन्यात ठाण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३४ अंश असतात, तुम्ही जिथे तो घेतला त्या एसी दुकानात २४ असतील. तेवढ्याच कामाला आतलं तापमानही साधारण तितकंच, म्हणजे दहा अंशांनी वर सरकतं. दुकानात शांत होता आणि घरी वाजतो, यात बऱ्याचदा एवढंच असतं.

२. पहिले दोन दिवस त्याला काम करू द्या, पण काय करतोय ते बघा

नवा लॅपटॉप पहिल्यांदा इंटरनेटला जोडला की पडद्यामागे खूप काही सुरू होतं. विंडोज अपडेट्स उतरतात, ड्रायव्हर बसतात, अँटीव्हायरस पूर्ण डिस्क तपासतो, शोधासाठी फाइलींची सूची बनते, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोटो चढवायला लागतो. हे सगळं संपेपर्यंत पंखा वाजणारच. रात्री चार्जर लावून, झोपेची सेटिंग बंद करून, टेबलावर चालू ठेवा. बऱ्याच घरांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज आपोआप उतरतो.

पण नुसतं थांबू नका, खात्री करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर, लॅपटॉपचा मेंदू) या शब्दावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. वर 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' किंवा 'सर्च इंडेक्सर' दिसलं, तर ते नेहमीचं काम आहे, संपेल. हातात काहीच काम नसताना सीपीयू ५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. तो ३० ते ४० टक्क्यांवर बसून राहिला आणि वर एखादं अनोळखी नाव असेल, तर थांबा आणि आठवा की लॅपटॉपमध्ये कुणी काय घातलंय.

हे मी कळकळीने सांगते. "सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणत कुणीतरी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकून दिलेली असतात, नाहीतर घरातल्या मुलाने फुकट गेम उतरवलेला असतो. अशा फाइलींबरोबर तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो नाणी काढणारा प्रोग्राम येऊ शकतो. त्यातले काही टास्क मॅनेजर उघडताच थांबतात आणि बंद केला की पुन्हा सुरू होतात. टास्क मॅनेजर उघडताक्षणी पंखा शांत व्हायला लागतो आणि बंद केल्यावर पुन्हा चढतो, असं दर वेळी होत असेल तर हीच शंका घ्या. विंडोज सिक्युरिटीमधून ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी, चालवा. त्यानेही गेलं नाही तर महत्त्वाच्या फाइली बाजूला काढून विंडोज रीसेट करा. नव्या लॅपटॉपमध्ये गमावण्यासारखं अजून फार काही नसतं, रीसेट करायची हीच सोपी वेळ.

विकत घेताना बरोबर आलेला तीस दिवसांचा अँटीव्हायरसही बघा. तो आणि विंडोजचा स्वतःचा, दोघेही तपासणीला लागलेले मी पाहिलेत. एकच ठेवा.

३. पॉवर मोड आणि पंख्याचा मोड

इथेच मला सगळ्यात जास्त यश मिळतं.

आताचे प्रोसेसर कसे चालतात ते आधी समजून घ्या. इंटेलचा कोअर आय५-१२३५यू घ्या, अनेक मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये तो आहे. त्याची मूळ वीज १५ वॉट, पण गरज पडली तर थोड्या वेळासाठी तो ५५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही ब्राउझर उघडलात की तो क्षणभर उसळी घेतो, पान पटकन उघडतं, आणि ती सगळी उष्णता एका पातळ खोक्यातून बाहेर काढायची जबाबदारी चार-पाच सेंटिमीटरच्या पंख्यावर येते. तुमच्या छताचा पंखा १२०० मिलिमीटरचा असतो आणि मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो. लॅपटॉपच्या पंख्याला तीन ते पाच हजार घ्यावे लागतात. पंखा दुप्पट वेगाने फिरला तर आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने वाढतो. याचा फायदाही आहे: वेग थोडा जरी उतरला तरी कानाला मोठा फरक जाणवतो.

म्हणून सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर अँड बॅटरी, आणि तिथे पॉवर मोड बघा. 'बेस्ट परफॉर्मन्स' असेल तर 'बॅलन्स्ड' करा. फक्त अभ्यास, मेल, एक्सेल असेल तर 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' करून बघा. चार्जर लावलेला असतानाची आणि बॅटरीवरची निवड वेगवेगळी असू शकते, दोन्ही बघा.

त्याशिवाय कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप असतं आणि पंख्याचा खरा लगाम त्याच्या हातात असतो. लेनोव्होचं व्हँटेज, आसुसचं मायआसुस, डेलचंही तसंच. त्यात शांत, संतुलित, जोरदार असे मोड असतात. लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांवर एफएन आणि क्यू दाबल्यावर मोड बदलतो, आसुसच्या बऱ्याच मॉडेलांवर एफएन आणि एफ. चुकून बोट लागून जोरदार मोड चालू झालेला असतो आणि घरात कुणालाच पत्ता नसतो. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात पाच लॅपटॉप एकदम घेतले होते, त्यातला एकच "खराब" होता. खराब काही नव्हतं. फक्त त्या एकावर हा मोड लागलेला होता.

एचपीच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम, तिथे कसं जायचं ते खाली सहाव्या मुद्द्यात आहे) 'फॅन ऑलवेज ऑन' नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर चार्जर लावलेला असताना पंखा कधीच पूर्ण थांबत नाही. हा पर्याय बंद करायला हरकत नाही.

एवढं करूनही हवेचाच आवाज जास्त वाटत असेल, तर एक शेवटचा उपाय. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून प्लॅनच्या प्रगत सेटिंग्ज, मग 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' आणि त्यात 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट'. १०० चं ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने प्रोसेसरची ती उसळीच बंद होते. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, दिसला नाही तर सोडून द्या. किंमतही सांगते: व्हिडिओ एडिटिंग, मोठी एक्सेल फाइल, गेम, सगळं मंदावेल. तुमच्या कामाला ते झेपतं का बघा आणि नसेल तर परत १०० करा.

४. बाहेरून काय जोडलंय?

गेमिंग लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावला की वेगळं ग्राफिक्स कार्ड सतत जागं राहतं, कारण बऱ्याच मॉडेलांत एचडीएमआयचं पोर्ट थेट त्याच्याशीच जोडलेलं असतं. केबल काढून पाच मिनिटं ऐका. चार्जिंग चालू असतानाही बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट तापतं, त्यामुळे चार्जर काढल्यावर आवाज उतरतो का तेही बघा. ब्राउझरमधल्या पन्नास उघड्या टॅबबद्दल वेगळं सांगायला नको.

५. बॅगेत फिरणारा पंखा

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर यंत्र पूर्ण झोपत नाही. मॉडर्न स्टँडबाय म्हणतात त्याला, मोबाइलसारखं डुलकी घेतं आणि मध्येच उठून अपडेट्स बघतं. टेबलावर ठीक आहे. पण बंद बॅगेत, ठाणे लोकलच्या गर्दीत पोटाशी धरलेल्या बॅगेत, त्या हवेला जायला जागा नसते. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडता येतं, तिथे 'हायबरनेट' करा, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून यंत्र पूर्ण बंद होतं. यादीत ते दिसत नसेल तर पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये आधी चालू करावं लागतं. आणि अशा तापलेल्या बॅगेतून लॅपटॉप काढलात तर लगेच चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या.

६. यांत्रिक आवाज असेल तर: बायोसमध्ये नेऊन ऐका

टिकटिक किंवा घर्रर्र आवाज असणाऱ्यांनी वरचं सगळं सोडून थेट इथे यायला हरकत नाही.

लॅपटॉप बंद करा, सुरू करा आणि लगेच एफ२ (काहींवर डिलीट, एचपीवर एफ१०) दाबत राहा. बायोसचा साधा पडदा येईल. इथे विंडोज नाही, अँटीव्हायरस नाही, टॅब नाहीत. इथे हवेचा आवाज थोडा जास्त येऊ शकतो, कारण वीज वाचवण्याच्या विंडोजच्या युक्त्या इथे चालत नाहीत. तो हिशेबात धरू नका. खडखड किंवा टिकटिक तशीच ऐकू आली, तर दोष पंख्यात नाहीतर त्याच्या आजूबाजूला आहे आणि सॉफ्टवेअरवर आणखी वेळ घालवायची गरज नाही.

मग लॅपटॉप दोन्ही हातांनी हळूच उचला, आधी डावी कड वर करा, मग उजवी, मग पुस्तकासारखा उभा धरा. आदळायचं नाही, हलवायचं नाही. बेअरिंग सैल असेल तर पात्यांचं वजन एका बाजूला गेलं की आवाज बदलतो. तळाच्या जाळीच्या शेजारी बोटाने अगदी हलका दाब द्या. आवाज थांबला तर तळाचं झाकण किंवा एखादी वायर पात्याला लागत असण्याची शक्यता आहे.

घोडबंदर रोडला राहणारी सीए करणारी एक मुलगी आली होती. लॅपटॉप घेऊन नऊ दिवस झालेले. रात्री अभ्यासाला बसली की टिक, टिक, टिक, भिंतीवरच्या घड्याळासारखं. घरच्यांना वाटलं घड्याळच आहे. मी काउंटरवर डावी कड दोन इंच उचलली आणि टिकटिक बंद. खाली ठेवली, पुन्हा सुरू. वायफायच्या अँटेनाची काळी बारीक वायर पंख्याच्या कडेवरून जाते, ती खोबणीतून निसटली असावी असा माझा अंदाज होता. झाकण उघडून ती मला पाच मिनिटांत बसवता आली असती. पण तिच्या बदलून घेण्याच्या मुदतीतला एक दिवस शिल्लक होता. मी तिला तिथेच तीनही स्थितींतलं रेकॉर्डिंग करून दिलं, आणि तिने त्याच संध्याकाळी बदलीची मागणी टाकली. नवा लॅपटॉप आला.

मुदत शिल्लक असताना मी कुणाचाही नवा लॅपटॉप उघडत नाही. तुम्हीही, कितीही सोपं वाटलं तरी, उघडू नका.

७. बायोसचं अपडेट

पंखा कधी आणि किती फिरावा हे बायोस आणि त्याच्या सोबतीची छोटी चिप ठरवतात. मॉडेल बाजारात आल्यावर कंपन्या ते आकडे सुधारून अपडेट देतात, आणि "पंख्याचं वर्तन सुधारलं" असं त्यात स्पष्ट लिहिलेलंही असतं. फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, मॉडेलचं पूर्ण नाव जुळवून.

हे इतकं खाली ठेवलं कारण यात धोका आहे. अपडेट अर्धवट राहिलं तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. महावितरणचा वीज बंद राहण्याचा मेसेज आलेला असेल त्या दिवशी करायचं नाही. पडदा काळा पडला, पंखा जोरात फिरला, तरी हात लावायचा नाही. तो मध्येच एक-दोनदा बंद होऊन स्वतःच सुरू होतो.

८. धूळ, पण फक्त काही महिन्यांनंतर

आठ दिवसांच्या लॅपटॉपमध्ये धूळ नसते, तेव्हा ही पायरी त्यांच्यासाठी नाही. पण सात-आठ महिने झाले असतील आणि घर घोडबंदरच्या रस्त्याला लागून, नाहीतर खारघर, उलवे, तळोजा अशा सतत बांधकाम चालणाऱ्या भागात असेल, तर जाळीच्या आत राखाडी थर बसलेला असतो. पावसाळ्यातल्या ओलसर हवेने तो उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांना चिकटून बसतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा रबरी हवेचा पंप घ्या आणि जाळीत थोडी थोडी हवा मारा. दबावाच्या हवेचा डबा वापरलात तर तो उभाच धरा आणि झटके द्या, सलग फवारा नको. पंखा हवेने गरगर फिरवू नका: तो ठरलेल्या वेगापेक्षा जास्त फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. गॅरेजमधला कॉम्प्रेसर तर मुळीच नको, त्यातून पाणीही येतं. बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडणारे लोक भेटतात. चार दिवस आवाज जातो, मग तेलाला धूळ चिकटून पंखा कायमचा जातो.

इथे थांबा

तळाचं झाकण उघडायचं नाही, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप) बदलायची नाही. नव्या लॅपटॉपला नवी पेस्ट लागतच नाही. तळाच्या स्क्रूंच्या लांबी वेगवेगळ्या असतात, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डालाच भिडतो. कडेच्या क्लिपा एकदा तुटल्या की झाकण पूर्वीसारखं बसत नाही, आणि मग झाकणाचाच आवाज सुरू होतो.

सर्व्हिस सेंटरला लगेच फोन करायचा तो अशा वेळी: बायोसमध्येही यांत्रिक आवाज येतोय. लॅपटॉप तापून आपोआप बंद होतोय. सुरू करताना पंख्याची सूचना पडद्यावर येते, जसं एचपीवर ९०बी हा कोड. जळका वास येतो. टचपॅड वर आलाय किंवा तळ फुगल्यासारखा वाटतोय, म्हणजे बॅटरी फुगली असेल. त्या वेळी चार्जिंगही करू नका आणि दाबून बसवायचा प्रयत्नही करू नका.

प्रोसेसर खूप काम करताना ८५ ते ९० अंशांवर गेला, एवढ्यावरून मात्र फोन करू नका. हे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपासची मर्यादा धरूनच बनवलेले असतात आणि त्याआधी स्वतःच वेग कमी करतात.

फोन केलात तर तक्रार नेमकी सांगा. "पंखा आवाज करतो" म्हटलंत तर "सर, नॉर्मल आहे" असं उत्तर मिळतं. "बायोसमध्येसुद्धा दर सेकंदाला टिकटिक येते, डावी कड उचलली की थांबते, रेकॉर्डिंग आहे," असं सांगा. तक्रार क्रमांक घ्या, मेसेज जपून ठेवा. मुदतीत असताना बदलून मागा, "आधी दुरुस्ती करून बघू" याला मुदत संपेपर्यंत होकार देऊ नका. हक्काची बदली नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

इंजिनिअर घरी येणार असेल तर तो झाकण उघडण्याआधी त्याला आवाज ऐकवा आणि उघडताना शेजारी बसा. पंखा बदलला की जॉबशीटवर पंखा बदलल्याचं लिहून घ्या. जाण्याआधी तळाचे स्क्रू मोजा, सगळ्या भोकांत स्क्रू आहे का बघा, आणि लॅपटॉप पुन्हा बायोसमध्ये नेऊन पाच मिनिटं त्याच्यासमोरच ऐका. डावी कड उचलून, उजवी कड उचलून. मगच सही करा.